इंजेक्शन दिल्यावर आत्याला हुडहुडी भरली

मागच्या भागात माझा आवाज फुटत होता असं बऱ्याच जणांनी कळवलं. माईक बदललाय, आता तरी नीट ऐकू येत असेल अशी आशा आहे. आजचा भाग जरा घरचा आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. सहा महिने ती सांगायची टाळत होते.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय आणि इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. माझं रोजचं काम म्हणजे एंडोटॉक्सिन मोजणं. मराठीत त्याला अंतर्विष म्हणतात, पण आमच्या लॅबमध्ये तो शब्द वापरलेला मी कधी ऐकला नाही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. माझी आत्या, वय अठ्ठावन्न, दहा वर्षांपासून शुगर. लघवीला जळजळ होत होती, पण घरात पाहुणे, नैवेद्य, आरत्या, त्यात कोण सांगणार? मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणून खाल्ल्या. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी ताप, कमरेत चमका, उलट्या. दादाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, रात्री नऊला तालुक्याच्या गावी एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. मी आणि पप्पा दहाच्या सुमारास पोचलो. आत्या बोलत होती. "एवढं काही नाही गं, उद्या सोडतील," असं मलाच सांगत होती. रक्त आणि लघवी कल्चरला घेतली, सलाईन लावलं आणि साडेदहाला पहिलं अँटिबायोटिक गेलं. सेफ्ट्रायॅक्सोन.

बाराला तिला हुडहुडी भरली. साधी थंडी नाही. पलंग हलत होता, दात वाजत होते, दोन ब्लँकेटं टाकली तरी थांबेना. ताप १०४. सिस्टरने बीपी घेतलं, वरचं ८२. आत्या माझ्याकडे बघत होती पण ओळखत नव्हती.

दादा ओरडायला लागला. "बरी होती ती! बोलत होती! तुमचं इंजेक्शन गेलं आणि हे झालं!" शेजारच्या पेशंटचे नातेवाईक जमले. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "औषध उलटलं बघा." आपल्याकडे हा शब्द एकदा कुणी उच्चारला की पुढचं कुणी ऐकत नाही.

आणि मी काय केलं? मी सिस्टरला म्हणाले, "व्हायल कुठाय? बॅच नंबर दाखवा."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. इंजेक्शन दिल्यावर तासा-दीड तासाने थंडी वाजून ताप, म्हणजे व्हायलमध्ये किंवा सलाईनमध्ये एंडोटॉक्सिन असणार. हे माझंच क्षेत्र ना! कचऱ्याच्या डब्यातून ती रिकामी बाटली मी शोधून काढली आणि फोटो मारला.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी आत्याला तपासलं. अंगावर गांधी नाहीत, ओठ-डोळे सुजलेले नाहीत, छातीत सुंई-सुंई आवाज नाही. ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत दिसते आणि अशी दिसते. मग त्या म्हणाल्या, सलाईन वाढवते, बीपीसाठी नॉरॲड सुरू करते आणि अँटिबायोटिक बदलून मेरोपेनेम देते, लगेच. सही करा.

दादा म्हणाला, आता आणखी एक इंजेक्शन? आणि घरातली सगळी माझ्याकडे बघायला लागली, कारण मी शिकलेली, इंजेक्शनवाल्या कंपनीतली. मी म्हणाले, "थांबा, आधी नक्की काय झालंय ते कळू दे."

मॅडम एकदाच बोलल्या, तेही शांतपणे. "तुम्ही जे शोधताय ते बाटलीत नसेल हो. पेशंटच्या रक्तातच असेल. एक तर इन्फेक्शन चढतंय, नाहीतर बॅक्टेरिया मरताना त्यांचं विष सुटतंय. कुठलंही असलं तरी औषध थांबवणं हा उपाय नाही."

तरी चाळीस मिनिटं गेली. दादाच्या ओळखीच्या एका डॉक्टरला झोपेतून उठवून फोन केला, तेही तेच म्हणाले, मग पप्पांनी सही केली. एकला पाच मिनिटं असताना मेरोपेनेम गेलं. ती चाळीस मिनिटं माझ्या नावावर आहेत.

आता मॅडम जे एका वाक्यात म्हणाल्या ते जरा उलगडून सांगते, कारण मला ते पाठ असूनही त्या रात्री दिसलं नाही.

ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बॅक्टेरिया रंगवायची एक पद्धत काढली. काही रंग धरून ठेवतात, काही सोडतात. सोडणारे ते ग्राम-निगेटिव्ह. लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा आरोपी ई. कोलाय यातलाच. टायफॉइडचा जंतू, कॉलऱ्याचा जंतू हेही यातलेच. या मंडळींच्या अंगावर बाहेरून एक जादा आवरण असतं आणि त्यात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू दाटीवाटीने बसवलेले असतात, एका ई. कोलायच्या अंगावर दहा लाखांच्या घरात. हेच एंडोटॉक्सिन. बॅक्टेरिया जिवंत असताना ते थोडंथोडं झडत असतं. बॅक्टेरिया फुटला की एकदम सुटतं.

हे पहिल्यांदा ओळखलं रिचर्ड फायफरने, बर्लिनमध्ये कॉखच्या हाताखाली काम करताना, १८९२ च्या सुमारास. त्याने कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगना टोचले. गिनीपिग तरीही मेले. म्हणजे विष जंतू बाहेर सोडत नव्हता, त्याच्या अंगातच होतं. पुढे त्याने पाहिलं की ज्या गिनीपिगना आधी कॉलऱ्याविरुद्ध संरक्षण मिळालंय त्यांच्या पोटात जंतू अक्षरशः विरघळतात, पण जंतू फार जास्त घातले तर सगळे विरघळूनही प्राणी मरतो. अँटिबायोटिक हा शब्दही रुळला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. हाच फायफर १८९७ मध्ये प्लेगच्या तपासासाठी आलेल्या जर्मन आयोगाबरोबर आपल्या मुंबईत येऊन गेला. आणि याच माणसाने १८९२ मध्येच फ्लूचा बॅक्टेरिया सापडल्याचंही जाहीर केलं होतं, ते साफ चुकलं. फ्लू व्हायरसने होतो. एकाच वर्षी इतकं बरोबर आणि इतकं चूक, मला हा माणूस आवडतो.

आता एंडोटॉक्सिन स्वतः काही कापत, जाळत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक रिसेप्टर असतो, त्याला ते चिकटतं आणि पेशी भोंगा वाजवतात. ब्रूस बॉयटलरच्या गटाने १९९८ मध्ये हे शोधलं, २०११ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. भोंगा वाजला की टीएनएफ वगैरे रसायनं रक्तात येतात, ताप चढतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी घसरतं. थोडक्यात, जीव घाबरा करतो तो आपलाच बंदोबस्त.

धडधाकट स्वयंसेवकांना शुद्ध एंडोटॉक्सिन टोचून हे तपासलंय. डोस किती, तर किलोला दोन ते चार नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तासा-दीड तासाने थंडी वाजते, डोकं दुखतं, तीन-चार तासांनी ताप शिगेला जातो आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठीक. आत्याचं साडेदहा आणि बारा आठवा. मी त्यामुळेच फसले.

आणि एक किस्सा आहे, १९९३ मध्ये छापून आलेला. अमेरिकेत एका लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाने स्वतःला झालेल्या ट्यूमरवर उपाय म्हणून साल्मोनेलाचं शुद्ध एंडोटॉक्सिन टोचून घेतलं. एक मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण वर सांगितलेल्या डोसच्या साडेतीन हजार पट. थोड्याच तासांत तो शॉकमध्ये गेला, बीपी पडलं, अवयवांवर परिणाम झाला. आयसीयूत वाचला. त्याच्या अंगात एकही जिवंत बॅक्टेरिया नव्हता हं. मेलेल्यांचं नुसतं साल काय करू शकतं ते बघा.

म्हणून तर आमची नोकरी. इंजेक्शनमधून दर तासाला किलोमागे पाच युनिटपेक्षा जास्त एंडोटॉक्सिन जाता कामा नये असा नियम आहे. साठ किलोच्या माणसाला तीनशे युनिट, वजनात साधारण तीस नॅनोग्रॅम. ते उकळून जात नाही, ऑटोक्लेव्हच्या १२१ डिग्रीलाही दाद देत नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या २५० डिग्रीला अर्धा तास भाजाव्या लागतात. आणि मोजायचं कशाने? हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्ताने. एंडोटॉक्सिन लागलं की ते गोठतं. या बिचाऱ्या प्राण्यावर एक अख्खा भाग करायचाय, आज नको.

मूळ मुद्द्यावर येते. औषध दिल्यावर पेशंट आधी बिघडतो, ही गोष्ट डॉक्टरांना शंभर वर्षांहून जुनी माहिती आहे. १८९५ मध्ये यारिश आणि १९०२ मध्ये हर्क्सहायमर या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी सिफिलिसच्या पेशंटना पारा दिल्यावर ताप आणि चट्टे भडकताना पाहिले. दिवसभरात ते निवतात. आजही याला यारिश-हर्क्सहायमर रिॲक्शन म्हणतात. लेप्टोवर पेनिसिलिन दिल्यावरही ती कधीकधी दिसते, म्हणून कोकणातल्या आणि मुंबईतल्या डॉक्टरांना पावसाळ्यात ती ठाऊक असते. तिथे सुटणारे तुकडे थोडे वेगळे, तत्त्व तेच. जाता जाता सांगते, हर्क्सहायमर ज्यू होते. म्हातारपणी नाझींनी त्यांना तेरेझिनच्या छावणीत पाठवलं, १९४२ मध्ये तिथेच गेले.

टायफॉइडमध्ये १९४८ ला क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा जादूच वाटली. पण सुरुवातीलाच मोठा डोस दिलेल्या काही पेशंटचं बीपी कोसळल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. जंतू एकदम मेल्याने विष सुटलं असावं, हा संशय तेव्हापासूनचा. १९८४ मध्ये जकार्ताला अतिगंभीर टायफॉइडच्या अडतीस पेशंटवर प्रयोग झाला. सगळ्यांना अँटिबायोटिक, पण काहींना जोडीला डेक्सामेथासोन, म्हणजे तो भोंगा दाबणारं स्टेरॉइड. नुसत्या अँटिबायोटिकवरच्या १८ पैकी १० गेले. डेक्सावाल्या २० पैकी २. असा आकडा वैद्यकात क्वचित बघायला मिळतो. मेंदूज्वरातही हीच कल्पना चालली. युरोपात ३०१ प्रौढांवर अभ्यास झाला, २००२ मध्ये छापला. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या पंधरा-वीस मिनिटं आधी किंवा बरोबरच डेक्सा दिलं, तर मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ वर आले. पण प्लीज, हे ऐकून कुणी घरात तापावर डेक्साची गोळी देऊ नका. हे आकडे ठरावीक आजारांतले आहेत.

मग कुणालाही वाटेल, विषालाच पकडूया की. पकडायला गेले ना. १९९१ मध्ये सेंटॉक्सिन नावाची अँटिबॉडी गाजली, १९९३ मध्ये पुढच्या ट्रायलमध्ये काही पेशंटमध्ये मृत्यू वाढताना दिसले आणि ती गुंडाळली. टीएलआर-४ ला अडवणारं एरिटोरान आलं, २०१३ मध्ये मोठ्या ट्रायलमध्ये उपयोग दिसला नाही. पॉलिमिक्सिन लावलेल्या फिल्टरमधून रक्त फिरवून एंडोटॉक्सिन गाळायचं यंत्र, २०१८ च्या ट्रायलमध्ये एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. इतकी हुशार माणसं, इतका पैसा, आणि हाती फारसं काही लागलं नाही. माझं मत विचाराल तर कारण सोपं आहे. पेशंट दाखल होतो तेव्हा भोंगा वाजून बराच वेळ झालेला असतो. आणि तो भोंगा पूर्ण बंद केला तर चोर मोकळे फिरणार.

अजून एक प्रश्न मला पडला. सगळी अँटिबायोटिकं सारखंच विष सोडतात का? टेस्ट ट्यूबमध्ये नाही. सेफ्टाझिडिमसारखी औषधं दिली की बॅक्टेरिया मरण्याआधी शेवयांसारखे लांब होतात, वस्तुमान वाढतं, मग फुटतात. विष जास्त. इमिपेनेमसारखी दिली की गोल होऊन पटकन मरतात. विष कमी. चित्र इतकं सुंदर आहे की ते खरं असावंच असं वाटतं. पण लघवीतून रक्तात गेलेल्या इन्फेक्शनच्या पेशंटमध्ये या दोन औषधांची तुलना केली, तेव्हा कोण वाचतं यात ठळक फरक दिसला नाही. म्हणून डॉक्टर आजही औषध निवडताना बघतात ते जंतूवर चालेल का आणि किती लवकर देता येईल.

लवकरबद्दल एक अभ्यास आहे, २००६ चा, कॅनडा आणि अमेरिकेतल्या सेप्टिक शॉकच्या पेशंटचा. बीपी पडल्यापासून पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेले ८० टक्के वाचले. त्यानंतर उशिराच्या दर तासाला ते प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांनी घसरत गेलं. नंतरच्या अभ्यासांत घसरण इतकी तीव्र आली नाही, पण दिशा तीच. मी हे वाचलं आणि चाळीस भागिले साठ असा हिशेब केला. तो आकडा इथे सांगत नाही.

आता मला खरं तर हा भाग इथेच संपवायचा होता. "इंजेक्शनने बॅक्टेरिया मेले, विष सुटलं, हुडहुडी भरली, घाबरू नका." मस्त गोष्ट झाली असती. पण तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला.

रक्तात आणि लघवीत ई. कोलाय. आणि औषधांच्या यादीत सेफ्ट्रायॅक्सोनपुढे आर. रेझिस्टंट. म्हणजे साडेदहाच्या इंजेक्शनने ते बॅक्टेरिया बहुधा मेलेच नव्हते! बाराची ती हुडहुडी औषधामुळे बॅक्टेरिया मेल्याची नव्हती, आजारच चढत होता. इंजेक्शन आणि थंडी फक्त एकामागोमाग आली. बाटली निर्दोष असणार, औषध उलटलं नव्हतं, आणि मी नंतर वाचून तयार केलेली सुंदर थिअरीही त्या वेळेला लागू नव्हती. खरं काय होतं, तर त्या क्षणी आत्याच्या रक्तातल्या बॅक्टेरियाला मारणारं काहीच अंगात नव्हतं, आणि जे मारणार होतं ते मी अडवून धरलं होतं.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्टची वाट न बघता औषध बदललं. त्यांना म्हणे तिथल्या लघवीच्या रिपोर्टांवरून अंदाज होता.

आणि पुढे ऐका. एकला मेरोपेनेम गेलं, आणि अडीचच्या सुमारास आत्याला परत थंडी वाजली. पहिल्यापेक्षा कमी, पण नॉरॲड थोडं वाढवावं लागलं. ही मात्र मेरोपेनेमला घाबरून बॅक्टेरिया फुटल्याची असू शकते. खात्रीने कोण सांगणार, कुणी तिचं एंडोटॉक्सिन मोजलेलं नाही. पण या वेळी कुणी ओरडलं नाही. दादा आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून होता, मी जिन्यात. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "थंडी वाजतेय, मॅडम बघतायत." दादाने नुसती मान हलवली. पहाटे सहाला नॉरॲड कमी करायला घेतलं, दुपारपर्यंत लघवी नीट व्हायला लागली. दहाव्या दिवशी आत्या घरी.

मी मॅडमना भेटून सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, तुम्ही निदान बॅच नंबर तरी मागितलात, इथे लोक कॉलर धरतात. आणि मग एक कामाची गोष्ट सांगितली, ती तुमच्यासाठी आणलीय. असं काही झालं तर ओरडण्याऐवजी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या. ॲलर्जीची लक्षणं बघितलीत का? आता बीपीसाठी काय करताय? पुढचा डोस कधी, आणि औषध बदलायचंय का? इंजेक्शननंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, घशात आवळल्यासारखं किंवा दम लागला, तर मात्र तिथल्या तिथे हाका मारायच्या, ती वेगळी गोष्ट आहे.

त्या बाटलीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. परवा आत्या माझ्याकडे आली होती, गॅलरी चाळताना तिला दिसला. "हे काय गं?" सगळं सांगितलं, चाळीस मिनिटांसकट. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी तिकडे मरायला टेकलेली आणि तू कचऱ्यात हात घालत होतीस?"

हो आत्या.

"हात धुतलेस ना नंतर?"

चला, भेटू पुढच्या भागात. माईक कसा वाटला तेवढं कळवा.